काल, क्रम आणि कार्ल्याचा शिलालेख

पातंजल योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात क्षण आणि त्यांचा क्रम यांवरील संयमाचे एक सूत्र आहे. त्यावरील व्यासभाष्याची भूमिका धीट आहे: क्षण वास्तव, मुहूर्त, अहोरात्र इत्यादी समूह मात्र बुद्धीने रचलेले. दोन क्षण एकत्र नांदत नाहीत; मग त्यांची बेरीज वस्तुरूप कशी असेल? कालाला एक, नित्य, विभू द्रव्य मानणाऱ्या वैशेषिकांना हा थेट छेद आहे.

यावरून 'काल ही मनाचीच निर्मिती' असा सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह, विशेषतः कादंबरीतील कालविपर्यासाची चर्चा करताना, समीक्षेला होतो. तो तपासावयास हवा.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि योगक्रियांना क्ष-किरण व दाबमापकाची कसोटी लावली. अशा प्रयोगाला साधकाची प्रचीती पुरत नाही. श्वासाची गती मोजावयास घड्याळ लागते. मिनिट ही आपली विभागणी खरी. परंतु श्वासाचे आत-बाहेर होणे ही आपली विभागणी नव्हे.

मावळातच, कार्ल्याच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षाचा दानलेख आहे. महासांघिकांना दिलेल्या नऊ खोल्यांच्या मंडपाची ती नोंद. हे 'चोविसावे वर्ष' निखालस बुद्धिनिर्मित: राजा बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परंतु कातळ कोरला जाणे, चैत्यगृहातील लाकडी फासळ्या जीर्ण होणे, हा परिणाम कोणाच्याही गणनेवर अवलंबून नाही.

भाष्यकारालाही हे अमान्य नसावे. भूत आणि भावी क्षण तो परिणामाशी अन्वित मानतो; चौथ्या पादात तर अतीत-अनागताचे अस्तित्वच स्वीकारतो. तेव्हा त्याचा नकार गणनेला आहे, परिणामाला नाही. अडचण उरते ती क्रमाची. क्षणांचे आनंतर्य म्हणजे क्रम, आणि दोन क्षण सहभावी नाहीत म्हणून क्रमही वस्तुरूप नाही, असे भाष्य म्हणते. परंतु कोरण्यापूर्वी झीज संभवत नाही. हे पौर्वापर्य बुद्धीने लादलेले म्हणता येत नाही. समूह बुद्धीचा, पौर्वापर्य वस्तूचे, एवढे मान्य केल्याखेरीज परिणामवाद टिकत नाही.

साहित्यविचाराला येथे एक मर्यादा सापडते. लेखक घटना उलटसुलट मांडू शकतो. पण ती मांडणी 'उलट' आहे हे वाचकाला कळते, ते घटनांचे मूळ पौर्वापर्य निवेदनाबाहेर शाबूत असल्यामुळेच.