शिक्का आणि माणूस

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या', लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही तीन आत्मकथने शेजारी शेजारी ठेवली, की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. तिन्ही पुस्तकांची नावे म्हणजे समाजाने मारलेले शिक्के आहेत. बेरड हे वास्तविक एका जमातीचे नाव. पण घरात पोर ऐकेनासे झाले, की आपण त्याला 'बेरड कुठला!' असे सहज म्हणून जातो. ज्याची जमात शिवी होऊन बसली आहे, त्याने तेच नाव पुस्तकाच्या कपाळावर लिहावे, यात मोठे धैर्य आहे. 'उचल्या'च्या इंग्रजी अनुवादाचे नावही 'द ब्रँडेड', म्हणजे डागलेला, असेच ठेवले गेले.

या शिक्क्याला कायद्याचा आधार होता. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावनिशीवार नोंद झाली. हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला. परंतु कायदा रद्द करण्यास एक दिवस पुरतो. शब्द रद्द करण्यास किती पिढ्या लागतात, हे 'उचल्या' वाचल्यावर कळते.

1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक मला मोठे वाटते ते त्यातील दुःखामुळे नव्हे, तर त्यातील प्रामाणिकपणामुळे. आपली माणसे चोऱ्या करीत नव्हती, असे गायकवाड कोठेही म्हणत नाहीत. खिसे कसे कापले जात, पोरांना त्याची तालीम कशी मिळे, पोलिसांचा मार सोसूनही नाव न सांगण्याचा सराव कसा करून घेतला जाई, हे सारे ते आडपडदा न ठेवता सांगतात. त्याच पुस्तकात त्यांचे वडील शेतावर राखणदारी करतात! चोर म्हणून नोंदलेल्या जमातीतील माणूस दुसऱ्याच्या पिकाची राखण करतो आहे, ही एकच गोष्ट शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक बोलते. पोलीस घरात शिरून बडवतात आणि चोरीच्या मालात वाटाही घेतात. शाळेत जाणाऱ्या लक्ष्मणामुळेच पोरांना हगवण लागली, असे जातीतलेच लोक म्हणतात. म्हणजे शिक्के मारणारे सगळीकडेच आहेत. कोणताही एक पक्ष निष्पाप म्हणून सुटत नाही.

पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाइतका उतरलेला नाही. गिरणी, कामगार चळवळ, मोर्चे यांच्या हकिकतीत माणसे मागे पडतात आणि सभेतले तयार शब्द पुढे येतात. जेथे लेखक दृश्य दाखवतो तेथे आपण हलतो. जेथे तो विशेषण लावतो तेथे आपण केवळ मान डोलावतो. टीकाकाराने नोंदवावे असे हे वैगुण्य आहेच. पण आपल्या आजच्या बोलण्याचेही ते वैगुण्य आहे.

आमच्या वसई-विरारचेच पाहा. नालासोपाऱ्यात आफ्रिकेतून आलेली काही माणसे राहतात. आफ्रिकेत 54 देश आहेत. परंतु कोणीही काळा माणूस दिसला, की तो 'नायजेरियन', आणि नायजेरियन म्हटला की अमली पदार्थ विकणारा, असा हिशेब क्षणात मांडला जातो. यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत काहींना अटक झाली आहे. आमची मुले येथेच वाढतात, तेव्हा पोलिसांनी कडक राहावे. दुसरे म्हणते, हा उघड वंशवाद आहे. मला पहिल्या मतातील भीती खोटी वाटत नाही आणि दुसऱ्यातील चीडही खोटी वाटत नाही. खटकते ते एवढेच, की दोघेही माणसाआधी शब्द उच्चारतात. पोलिसाने परदेशी माणसाचे पारपत्र तपासणे हे त्याचे काम आहे. त्याला वंशवाद म्हटले, तर केवळ रंग पाहून जागा नाकारणाऱ्याला किंवा मारहाण करणाऱ्याला काय म्हणावे? जो शब्द सगळ्यांना लावला जातो तो खऱ्या अपराध्यालाही लागेनासा होतो. नाणे फार फिरले, की त्यावरचा छाप झिजतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 93व्या साहित्य संमेलनासाठी निवड झाली तेव्हा, 2019 साली, असेच झाले. 'धर्मगुरू' एवढ्या शब्दावर काहींनी त्यांना विरोध केला. विरोध करणाऱ्यांवरही तितक्याच तत्परतेने शिक्के मारले गेले. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेला आणि मराठीत जन्मभर लिहिलेला माणूस या गदारोळात बाजूला राहिला.

तेथे केवळ मने दुखावली. पण शिक्का प्राणही घेतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळवणारी टोळी' म्हणून जमावाने ठार मारले. 16 एप्रिल 2020 रोजी आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. पोलीस तेथे होते. वाचवू शकले नाहीत. म्हणून 'पोलीस नकोत' असे म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. गडचिंचल्याच्या त्या तिघांना पोलीस कमी नव्हे, अधिक समर्थ हवे होते. 'उचल्या'तील घराला मात्र न्यायाने वागणारे पोलीस हवे होते. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. संशय कृत्यावर घ्यावा, जन्मावर नव्हे, एवढ्या एका नियमात दोन्ही बसतात.

हा नियम सोपा दिसतो; पण तो अंगी बाणायला किती काळ लागतो पाहा. तुरुंगांत जातीनुसार कामे वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते 3 ऑक्टोबर 2024 रोजी, आणि तेव्हाही विमुक्त जमातींविषयीच्या जुन्या समजुती नियमावल्यांतून काढण्याची वेळ आली. गुन्हेगार जमातींचा कायदा जाऊन तोवर 72 वर्षे झाली होती.

दिवाळीच्या फराळाशेजारी असला विषय काहींना कडू वाटेल. तथापि सणाच्या दिवसांत घरी माणसे जमतात, गप्पा रंगतात आणि त्या गप्पांतच 'ते लोक' असा शब्द लहान मुलांच्या कानी पहिल्यांदा पडतो. त्या वेळी कोणी तरी 'ते म्हणजे कोण? नेमके काय केले त्यांनी?' एवढे विचारले तरी पुरे. 'उचल्या' हे पुस्तक पानोपानी हाच प्रश्न विचारते. ज्या घरात ते अद्याप वाचले गेले नसेल, तेथे या सुट्टीत मोठ्यांनी ते आधी वाचावे आणि मग जाणत्या मुलांच्या हाती द्यावे.