खर्चाची मर्यादा, नगरचा खटला आणि तुमचा संशोधन आराखडा

पेट पास झालात, आता संशोधन आराखडा लिहायचाय. विषय लोकसभा निवडणूक आणि पैसा असेल, तर एक वाक्य हमखास येतं : निवडणूक खर्चाची मर्यादा ही निव्वळ धूळफेक आहे, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. खाली तळटीप. आणि पुढच्याच पानावर उमेदवारांनी जाहीर केलेल्या खर्चाचा तक्ता, त्यावर रिग्रेशन. ही दोन पानं एकमेकांशी भांडतात. पहिलं पान खरं असेल तर दुसऱ्या पानावरचे आकडे नेमके कशाचे?

उत्तर शोधायचं तर तळटीपेतला निकाल उघडावा लागतो. तो आपल्या नगरचाच आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघातून यशवंतराव गडाख निवडून आले, बाळासाहेब विखे पाटील हरले आणि मुंबई उच्च न्यायालयात गेले. वाद प्रचारसभांमधल्या भाषणांचा होता. प्रतिस्पर्ध्याच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल खोटी विधानं करणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट मार्ग ठरतो. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, मात्र शरद पवारांविरुद्धचा निष्कर्ष रद्द केला.

म्हणजे खटल्याचा निर्णय टेकलाय तो भाषणांवर. खर्चाबद्दलचं म्हणणं हा न्यायालयाने जोडलेला शेरा आहे. त्याचा आशय असा : कायद्याची मर्यादा फक्त उमेदवाराने स्वतः केलेल्या किंवा त्याच्या संमतीने झालेल्या खर्चाला लागते. पक्ष किंवा इतर कोणी त्याच्यासाठी कितीही ओतलं तरी ते जाळ्याबाहेरच राहतं, त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात काही रोखत नाही.

मी विज्ञानाकडून आलोय, त्यामुळे हे वाचताना मला तराजूचं उदाहरण सुचतं. न्यायालय सांगतंय की या तराजूच्या पारड्यात अर्धा माल टाकलाच जात नाही. हे बरोबर आहे आणि महत्त्वाचं आहे. पण बाहेर राहिलेला माल किती किलो, हे न्यायालयाने मोजलेलं नाही, आणि तो त्याच्यापुढचा प्रश्नही नव्हता. तेव्हा हा शेरा खर्चाच्या व्याख्येबद्दल पुरावा म्हणून वापरा. 'नगरमध्ये प्रचंड पैसा वाहतो' याचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. गाइडने इथे बोट ठेवलं तर उत्तर देता येत नाही.

बरं, जाळ्याला भोक पडलं कसं? १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही, उमेदवाराने त्याचा जाणूनबुजून फायदा घेतला असेल तर, उमेदवाराच्या खात्यात धरला होता. संसदेने त्याच वर्षी कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून तो अर्थ पुसून टाकला. आणि १९९३ चा निकाल इथेच मला अपुरा वाटतो. दोष कायद्यात आहे हे त्याने स्वच्छ दाखवलं, पण दुरुस्तीचा चेंडू पुन्हा संसदेकडेच टोलवला. म्हणजे ज्यांची निवड याच नियमांखाली होते, त्यांच्याकडेच. १९७४ चा पूर्वेतिहास पाहता संसद हे का करेल, हा प्रश्न निकाल वाचल्यावर तसाच राहतो. पुढची दुरुस्ती यायला आणखी दहा वर्षं गेली.

२००३ च्या त्या दुरुस्तीने भोक लहान केलं. आता पक्षाच्या नेत्यांचा प्रचारासाठीचा प्रवासखर्च आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार एवढंच उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतं. पक्षाच्या एकूण खर्चाला मात्र आजही मर्यादा नाही.

आता तुमच्या तक्त्याकडे या. १९९९ आणि २००४ चे आकडे एकाच स्तंभात ठेवले असतील, तर मध्ये तराजूच बदललाय. मोठ्या राज्यांतल्या लोकसभा उमेदवाराची मर्यादाही सरकत गेली : २०१४ ला ७० लाख, २०२० ला ७७ लाख, २०२२ पासून ९५ लाख. शिवाय पुनर्रचनेनंतर २००९ पासून आपल्या जिल्ह्यात कोपरगावच्या जागी शिर्डी हा राखीव मतदारसंघ आला. जिल्ह्याचं नाव बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. सीमा आणि व्याख्या बदलल्या की मालिका तुटते, आणि ते आराखड्यात लिहावं लागतं.

दुसरा सापळा सरासरीचा. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने २०१४ च्या खासदारांचे हिशेब तपासले, तर सरासरी जाहीर खर्च सुमारे ४० लाख, मर्यादेच्या ५८ टक्के निघाला. यावरून काय सिद्ध होतं? खर्च खरंच कमी झाला असेल, किंवा खर्च पक्षाच्या नावावर गेला असेल, किंवा नोंदच कमी झाली असेल. तिन्ही शक्यतांत आकडा हाच येतो. त्यात मर्यादा ओलांडणं हा कलम १२३(६) नुसार भ्रष्ट मार्ग आहे आणि निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका होऊ शकते. जो आकडा अंगावर येऊ शकतो, तो मर्यादेच्या आतच लिहिला जाणार, हे गृहीत धरूनच वाचायला हवं.

मग विषय सोडायचा का? नाही, प्रश्न बदलायचा. 'किती खर्च झाला' ऐवजी 'कशाची नोंद होते आणि कशाची निसटते' असं विचारा. त्यासाठी सामग्री आहे. उमेदवाराची खर्च नोंदवही असते. निवडणूक यंत्रणा सभा, मंडप, वाहनं पाहून आपली वेगळी छाया निरीक्षण नोंदवही ठेवते. चहापासून खुर्चीपर्यंतचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब द्यावा लागतो आणि नाममात्र शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. दोन वह्या शेजारी ठेवा. एकाच सभेच्या दोन नोंदींतला फरक हा प्रत्यक्ष मोजता येणारा आकडा आहे. तो सगळा खर्च सांगणार नाही, पण नोंद कुठे गळते ते दाखवेल.

हे काम कोरडं वाटेल. पण २०२४ ला अहमदनगर मतदारसंघाचा निकाल सुमारे २९ हजार मतांनी लागला. इतक्या चुरशीच्या जागेवर पैशाने काय केलं, हे मतदाराला कळायला हवं, आणि पैसा नसलेला माणूस इथे उभा तरी राहू शकतो का, हेही. निव्वळ 'धूळफेक' म्हणून तळटीप दिल्याने यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा आराखडा गाइडकडे पाठवण्याआधी एवढं करा : निकाल मुळातून वाचा, कलम ७७ चं १९७४ चं आणि २००३ चं रूप शेजारी ठेवा, आणि तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभाखाली एक ओळ लिहा की हा आकडा कोणी, कोणत्या नियमाखाली आणि कशाच्या भीतीने लिहिला. ज्या स्तंभाखाली ती ओळ लिहिता येत नाही, तो स्तंभ काढून टाका.