गुणांक आणि गोडी

खाद्यपदार्थांच्या दुकानांची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. परंतु ज्या परंपरेनें काव्याच्या साराला रस आणि त्याच्या भोक्त्याला रसिक म्हटलें, व जिच्यांत भरतमुनींनीं रसाचें स्वरूप समजावून देतांना नाना व्यंजनांनीं युक्त अशा अन्नाचाच दृष्टांत घेतला, त्या परंपरेंत वाढलेल्यांस ही चर्चा परकी वाटण्याचें कारण नाहीं. टोकियो शहरांत उत्तम रामेन कसें शोधावें, हा प्रश्न आम्ही घेत आहों तो केवळ प्रवाशांच्या सोयीसाठीं नव्हे. चांगलें काय हें दुसऱ्याच्या सांगण्यावरून कितपत कळतें, आणि सांगणाऱ्यानें तें कसें सांगावें, हा टीकाशास्त्राचा मूळचा प्रश्न त्या शहराच्या गल्लीबोळांत रोज नव्यानें विचारला जातो.

रामेन म्हणजे वरकरणी रश्श्यांतल्या शेवया. गव्हाच्या पिठांत आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार घालून त्या करितात. त्यामुळें त्यांस पिवळसर छटा आणि चिवटपणा येतो. रस्सा कोंबडीच्या अगर डुकराच्या हाडांचा, सुक्या मासळीचा, कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीचा, किंवा ह्या साऱ्यांच्या मिश्रणाचा. वाडग्याच्या तळाशीं 'तारे' नांवाचा खारट अर्क आधीं ओततात, सुवासिक तेल सोडतात, आणि शेवटीं मांसाचे काप, बांबूचे कोंब व कांद्याची पात मांडतात. मूळ चिनी स्वयंपाक्यांच्या हातचा हा पदार्थ टोकियोंत रुजला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. १९१० सालीं आसाकुसा भागांत निघालेलें 'राइराइकेन' हें दुकान त्याच्या इतिहासांत नेहमीं आठविलें जातें. पुढें त्याचे निरनिराळे प्रकार झाले: सोयाबीनच्या आंबवलेल्या रसाचें शोयु, नुसत्या मिठाचें शिओ, उत्तरेकडील साप्पोरो शहराचें मिसो, आणि क्यूशू बेटावरील, डुकराचीं हाडें रस्सा दुधासारखा पांढरा होईपर्यंत उकळून केलेलें, तोंकोत्सु. राजधानींत हे सर्व प्रकार शेजारीं शेजारीं नांदतात, आणि दुकानें हजारोंनीं मोजावीं लागतात.

इतक्या गर्दींत निवड करावयाची तर मदत हवीच. ती देण्यास आज तीन वाटाडे हजर असतात: गुणांक, तारका आणि रांग. 'ताबेलोग' ही २००५ सालीं सुरू झालेली इंटरनेटवरील सूची गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवरून प्रत्येक दुकानास पांचांपैकीं गुण देते. साडेतीनच्या वर गेलेलें दुकान चांगलें, असा तेथें सर्वसाधारण समज आहे. त्या दशांशांचें मोल केवढें, हें एका खटल्यावरून दिसून आलें. गुण काढण्याची रीत बदलल्यामुळें आपलें गिऱ्हाईक घटलें, अशी तक्रार भाजलेल्या मांसाच्या उपाहारगृहांच्या एका साखळीनें केली. २०२२ सालीं टोकियोच्या जिल्हा न्यायालयानें तिला भरपाई देवविली, व २०२४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. कायद्याचा भाग बाजूस ठेविला तरी, रुचीचा वाद दशांशांच्या घरांत शिरून शेवटीं कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तारकेची गोष्ट निराळी नाहीं. २०१५ च्या डिसेंबरांत 'मिशेलिन' ह्या फ्रेंच मार्गदर्शिकेनें सुगामो भागांतील 'त्सुता' ह्या चिमुकल्या दुकानास तारका दिली. रामेनच्या दुकानास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेथील शोयु रामेन नाजुक वळणाचें. त्यावर ट्रफल नांवाच्या सुवासिक भूछत्राचा गंध खेळविलेला. त्या दुकानाकडे इतकी गर्दी लोटूं लागली कीं, सकाळीं जाऊन अनामत ठेवावी, वेळेचें चिठोरें घ्यावें, आणि नेमल्या घटकेस परत यावें, अशी व्यवस्था होती. आतां ह्याच्या समोर मिता भागांतील, केइओ विद्यापीठाजवळचें, 'रामेन जिरो' ठेवून पाहावें. जाडजूड शेवया, त्यांवर कोबी आणि मोडांचा डोंगर, मांसाचे ठोकळे, कच्चा लसूण, चरबीचे गोळे; सारा थाट विद्यार्थ्याच्या भुकेला उद्देशून. वाडगें पुढें येण्याआधीं लसूण, भाजी व चरबी किती हवी तें सांगावयाचें, आणि मुकाट्यानें तो डोंगर उतरावयास लागावयाचें. त्सुता आणि जिरो ह्यांस एका फूटपट्टीनें मोजणें म्हणजे विराणी आणि पोवाडा ह्यांस एकाच पट्टींत गावयास लावण्यासारखें आहे. गुणांक किती लोक संतुष्ट झाले तें सांगतो. कोण काय शोधावयास आला होता, तें सांगत नाहीं. रांगेचें तर विचारूंच नये. ती रश्श्याच्या वासानें वाढते तितकीच स्वतःच्या लांबीनेंही वाढते.

ह्या प्रश्नाचें सर्वांत समंजस विवेचन, आमच्या मतें, जूझो इतामी ह्यांच्या १९८५ सालच्या 'ताम्पोपो' ह्या चित्रपटांत आहे. रात्रीं चाललेल्या मालमोटारींत गुन हा तरुण सोबती गोरो ह्या चालकास एक पुस्तक वाचून दाखवितो. त्यांत एक वृद्ध गुरु शिष्यास रामेन खाण्याची रीत शिकवीत असतो: वाडगें आधीं डोळे भरून पाहावें, त्याचा वास घ्यावा, मांसाच्या कापास काडीच्या टोकानें हळुवार स्पर्श करावा. गुरूच्या ह्या गांभीर्यास आपण हंसावें, अशीच दिग्दर्शकाची योजना आहे. परंतु तें वर्णन ऐकतां ऐकतां दोघांसही भूक लागते, आणि त्या भुकेपायीं ते एका विधवेच्या निकृष्ट दुकानाशीं उतरतात. तिचें रामेन मनापासून केलेलें आहे, पण त्यांत दम नाहीं, असा गोरोचा अभिप्राय पडतो. आणि मग दुसऱ्यांच्या दुकानांतून पाहत, चाखत, रश्श्याचें मर्म हेरीत तिचें शिक्षण सुरू होतें. मुख्य कथेच्या मधून मधून येणारे फुटकळ प्रसंग ओघ तोडतात, हा ह्या चित्रपटाचा दोष खरा. तथापि शेवट फार मार्मिक आहे. तिच्या परीक्षेस बसलेले पांच जण रस्सा तळापर्यंत पिऊन टाकतात. रिकाम्या वाडग्यांखेरीज दुसरा निकाल कोणी देत नाहीं.

टीकेचें काम काय, ह्याचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. पुस्तकांतील गुरूनें कोणत्याही दुकानास क्रमांक दिला नाहीं. त्यानें काय पाहावें तें दाखविलें, आणि ऐकणाऱ्याची भूक वाढविली. अशीं मार्गदर्शनें जपानांत नाहींत असें नव्हे. कोदान्शा ह्या प्रकाशनसंस्थेकडून निघणाऱ्या रामेनच्या वार्षिक पारितोषिकांत शोयु, शिओ, मिसो अशीं सदरें वेगळीं असतात आणि नव्या दुकानांचा विचार निराळा होतो. म्हणजे आधीं प्रकार, मग तुलना. शोधणाऱ्यानेंही हाच क्रम ठेवावा. आज नितळ शिओ हवें कीं दाट तोंकोत्सु, हें स्वतःशीं ठरवावें, आणि मग त्या प्रकाराविषयीं ज्यानें रस्सा, शेवया व तारे ह्यांचें वर्णन केलें असेल त्याचें वाचावें. गल्लींतही खुणा असतात. दाराबाहेर रचलेल्या खोक्यांवर शेवया करणाऱ्या कारखान्याचें नांव असतें; जाणते तें वाचतात. पदार्थांची यादी आटोपशीर असणें आणि रस्सा संपतांच दार लावणें, हींही बहुधा चांगलींच लक्षणें. एकदां वाडगें पुढें आलें कीं मात्र पांडित्य पुरे. शेवया रश्श्यांत फुगण्याआधीं भुरके मारीत संपवाव्या. कढी ओरपणाऱ्या आमच्या वाचकांस त्या आवाजाचा संकोच वाटूं नये.

दोन दिवसांकरितां गेलेल्या पाहुण्यानें एवढा खटाटोप कां करावा, असें कोणी विचारील. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. गुणांकाच्या चाळणींतून खडे निघून जातात, हा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु चाळणीनें तांदूळ निवडला जातो, भात शिजत नाहीं. शिवाय ह्यांत केवळ पाहुण्याच्या जिभेचा प्रश्न नाहीं. वाडग्यास हजारांहून अधिक येन पडूं लागले कीं गिऱ्हाईक बिचकतें. ह्याला त्या धंद्यांत 'हजार येनची भिंत' म्हणतात. पीठ, मांस आणि इंधन महागत असतां आठ-दहा बैठकींचें दुकान ह्या भिंतीशीं झगडत असतें. त्याच्या रश्श्याचें वेगळेपण ओळखणारें गिऱ्हाईक मिळालें तर तें वेगळेपण टिकेल. तें न मिळालें तर दुकानदार अंकाच्या मागें लागेल, कोणासच न खटकणारें वाडगें करूं लागेल, आणि कांहीं वर्षांनीं त्या हजारों दुकानांत एकच रामेन उरेल.

ग्रंथांच्या बाबतींतही आतां तारका मोजण्याची संवय वाढत आहे. जो वाचक 'कितवें?' हें विचारण्याआधीं 'कशाचें?' हें विचारील, त्याच्याच आधारावर ग्रंथकार आणि रामेनवाला दोघेही आपल्या मनासारखा रस्सा आटवूं शकतील.