कापलेली कड : बेसबॉल कार्डांच्या संग्रहाचे एक वाचन

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांचे व्यवहार झाले. पहिला तुकडा १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालेला. दीड इंचाहून थोडा कमी रुंद, अडीच इंचांहून थोडा जास्त उंच, आणि त्यावर पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या होनस वॅग्नरचे रंगीत चित्र. तो खासगी व्यवहारात ७२ लाख ५० हजार डॉलरना गेला. दुसरा टॉप्स या च्युइंगमच्या कंपनीने १९५२ साली छापलेला, मिकी मँटलचा. लिलावात त्याचे १ कोटी २६ लाख डॉलर आले. १९९१ साली हेच कार्ड ५० हजारांना विकले गेले होते.

अशा आकड्यांची बातमी होते आणि विरून जाते. संग्राहकांचे म्हणणे मात्र टिकून राहते, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे. ते म्हणतात, आम्ही कागद विकत घेत नाही, इतिहास जतन करतो. हा दावा तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. जतन होते ते नेमके कशाचे? आणि या इतिहासात कोण आहे, कोण नाही?

प्रथम वस्तू कशी जन्माला आली ते पाहू. वॅग्नरचे कार्ड ज्या मालिकेतले, तिला आज ‘टी २०६’ म्हणतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने ती काढली. जेम्स ड्यूकच्या या कंपनीने एकामागून एक प्रतिस्पर्धी गिळून जवळजवळ मक्तेदारी मिळवली होती. कार्डाचे काम दुहेरी होते. मऊ पाकिटाला आतून ताठपणा यावा आणि गिऱ्हाइकाने पुढचा खेळाडू मिळवण्यासाठी पुन्हा तेच पाकीट घ्यावे. म्हणूनच कार्डाच्या पाठीवर खेळाडूची माहिती नाही, स्वीट कॅपोरल, पीडमाँट अशा सिगारेटींची जाहिरात आहे. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही कंपनी मोडली आणि त्याच वर्षी ही मालिकाही संपली. आज काचेमागे ठेवून पाहिली जाते ती वस्तू मुळात एका व्यापारी साम्राज्याचे जाहिरातपत्रक होते. यात कमीपणा काही नाही. पण ते विसरून केलेले वाचन अर्धे राहते.

वॅग्नरचे कार्ड दुर्मीळ का, याची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. लहान मुलांनी कार्डासाठी सिगारेट घेऊ नये म्हणून या सज्जन खेळाडूने आपले चित्र छापू दिले नाही, कंपनीला छपाई थांबवावी लागली, आणि तोवर बाहेर पडलेल्या प्रतींपैकी आज साठेकच उरल्या आहेत. गोष्ट गोड आहे, म्हणून संशयास्पदही आहे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे. सिगारच्या वेष्टनावर त्याचे चित्र आधी येऊन गेले होते. पुढे लीफ कंपनीच्या कार्डावर तर तो तोंडात तंबाखू टाकतानाच दिसतो. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, प्रश्न नीतीचा नव्हताच, मोबदल्याचा होता.

१९१२ च्या ऑक्टोबरात ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकात आलेला मजकूर या वादात महत्त्वाचा आहे. कंपनीने पिट्सबर्गचा क्रीडापत्रकार जॉन ग्रूबर याला दहा डॉलर देऊ केले होते, वॅग्नरची संमती मिळवून देण्यासाठी. वॅग्नरने नकार कळवला आणि ग्रूबरचे नुकसान नको म्हणून सोबत दहा डॉलरचा धनादेश पाठवला. पैशासाठी अडून बसलेला माणूस पदरचे दहा डॉलर कशाला देईल? म्हणजे निव्वळ मोबदल्याचा तर्क लंगडा पडतो. पण यावरून नीतीची गोष्ट सिद्ध झाली असेही नाही. या पुराव्यातून खात्रीने एवढेच निघते, की आपला चेहरा कशावर छापायचा हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, असे वॅग्नर मानत होता. ‘साधू’ की ‘व्यवहारी’ या जुन्या वादात हा तिसरा अर्थ झाकला गेला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

कारण पुढचा इतिहास त्याच अर्थाचा आहे. १९५३ साली हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स या खटल्यात, म्हणजे दोन च्युइंगम कंपन्यांमधल्या बेसबॉल कार्डांच्या भांडणात, न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी माणसाचा आपल्या छबीच्या व्यापारी वापरावर स्वतंत्र हक्क असतो हे तत्त्व मांडले. आज नट, गायक, खेळाडू ज्या हक्काच्या आधारे न्यायालयात जातात, त्याचे नाव पुठ्ठ्याच्या या तुकड्यांवरून झालेल्या वादात पडले. साठच्या दशकात खेळाडूंच्या संघटनेची सूत्रे मार्व्हिन मिलर यांच्याकडे आली तेव्हा टॉप्स खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देत असे. मिलर यांनी वाटाघाटी करून ती रक्कम दुप्पट केली आणि विक्रीत वाटा मिळवला. लिलावाच्या गुळगुळीत सूचीपत्रात या गोष्टींना क्वचितच जागा मिळते. तिथे वॅग्नर नीतिमान असतो, मँटल सोनेरी केसांचा असतो, आणि कार्ड कुणाच्या श्रमावर छापले गेले हा प्रश्न नसतो.

मग किंमत कशाची ठरते? दुर्मिळतेची, असे उत्तर येते, पण मँटलच्या कार्डापुढे ते टिकत नाही. हे त्याचे पहिले कार्ड नव्हे. पहिले बोमन कंपनीने १९५१ साली काढले होते. शिवाय १९५२ च्या शेवटच्या गटात मँटलचे चित्र छपाईच्या तावावर दोनदा होते, म्हणजे त्याच गटातल्या पुष्कळ खेळाडूंपेक्षा त्याच्या प्रती जास्त निघाल्या. या कार्डाला आहे ती एक गोष्ट. हा गट बाजारात उशिरा आला, विकला गेला नाही, गोदामात पडून राहिला, आणि ज्याने ती कार्डे आखली त्या साय बर्जर याच्या सांगण्यानुसार १९६० च्या सुमारास ती खोकी बोटीवर लादून अटलांटिक महासागरात बुडवण्यात आली. वॅग्नरच्या मागे नकार आहे, मँटलच्या मागे जलसमाधी. बाजार गमावण्याच्या कथेला पैसे देतो. घरोघरच्या आयांनी मुलांची खोकी कचऱ्यात टाकली, ही अमेरिकन लोककथा त्याच जातीची. उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंतवणूक म्हणून कार्डे जपून ठेवली जाऊ लागली, कंपन्यांनी वारेमाप छपाई केली, आणि त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचा भाव आहे. सर्वांनी जपले ते कवडीमोल झाले.

दुसरे उत्तर आहे ‘अवस्था’. कोपरे टोकदार आहेत का, चित्र मधोमध आहे का, कडा शाबूत आहेत का. १९९१ पासून पीएसए ही संस्था यांची एक ते दहा अशी प्रतवारी करते आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करते. तिने प्रतवारी केलेले पहिलेच कार्ड वॅग्नरचे होते. हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅक्नॉल यांनी १९९१ साली ते सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले होते. कार्डाला आठ गुण मिळाले. इतक्या जुन्या वॅग्नरच्या कार्डाला इतके गुण ही चमत्कारासारखी गोष्ट होती. २००७ साली ते २८ लाख डॉलरना अॅरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे गेले. चमत्काराचा उलगडा २०१३ साली न्यायालयात झाला. या क्षेत्रातला सर्वांत वजनदार व्यापारी बिल मॅस्ट्रो याने टपालाद्वारे फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. मुख्य आरोप लिलावात खोट्या बोली लावून भाव फुगवल्याचा होता. त्याच कबुलीत त्याने हेही मान्य केले, की वॅग्नरच्या त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. २०१५ साली त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, हा प्रतवारीचा मूळ नियम. आणि प्रतवारीचे पहिलेच कार्ड कापलेले! याकडे एका भामट्याची करामत म्हणून पाहणे सोपे आहे. पण ती कड का कापली गेली? टोकदार कोपऱ्याला पैसे मिळतात म्हणून. शंभर वर्षे माणसांच्या हातात फिरलेल्या कार्डाचे कोपरे झिजतात. ती झीज म्हणजेच त्याचा इतिहास. कुणाच्या खिशात ते राहिले, कोणत्या पोराने ते भिंतीवर टाचले, हे सांगणारा दुसरा पुरावा कार्डावर नसतो. जी मूल्यव्यवस्था झीज म्हणजे दोष मानते, ती इतिहास पुसण्याला बक्षीस देते. मॅस्ट्रोने नियम मोडला, हे खरे. पण व्यवस्थेची इच्छाही त्याने पूर्ण केली.

याच्या समोर जेफरसन बर्डिक या माणसाला ठेवून पाहावे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी विजेच्या साहित्याच्या कारखान्यात तो काम करी. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. १९३९ साली त्याने अमेरिकन छापील कार्डांची सूची प्रसिद्ध केली. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे, आणि २०६ हा त्याने दिलेला क्रमांक. आज लाखोंची बोली ज्या नावावर लागते ते नाव या कामगाराने दिलेले आहे. त्याने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि आखडल्या हातांनी वर्षानुवर्षे तिथे बसून तो स्वतः वह्यांत चिकटवला. १९६३ च्या जानेवारीत काम संपले, मार्चमध्ये तो वारला. त्यात वॅग्नरचे कार्डही आहे. गोंद लागलेल्या कार्डाचे गुण बाजारात कोसळतात. म्हणजे बर्डिकने आपल्या संग्रहाची बाजारातली किंमत स्वतःच्या हाताने उतरवली आणि त्याला क्रम, संदर्भ आणि वाचक दिला. प्लास्टिकच्या डबीत एकच कार्ड राहते, शेजारी कोणी नसतो. बर्डिकच्या वहीत प्रत्येकाला शेजारी आहेत.

बाजाराच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किमती चढल्या म्हणून माळे आणि पेट्या धुंडाळल्या गेल्या, चुलीत गेले असते ते वाचले, आणि प्रतवारीच्या नोंदींमुळे कोणत्या कार्डाच्या किती प्रती समोर आल्या हे कळू लागले. बर्डिकच्या पद्धतीलाही मर्यादा होती. जे छापले गेले तेच त्याच्या सूचीत येऊ शकत होते.

आणि जे छापलेच गेले नाही? टी २०६ मध्ये पाचशे वीसहून अधिक कार्डे आहेत, एकट्या टाय कॉबची चार. कृष्णवर्णीय खेळाडू एकही नाही, कारण मोठ्या लीगमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. ही कार्डे पाकिटांत पडू लागली त्याच १९०९ साली, ऑक्टोबरात, शिकागोत लेलँड जायंट्स हा कृष्णवर्णीयांचा संघ शिकागो कब्जविरुद्ध सामने खेळला. कब्ज जिंकले. लेलँडकडून चेंडू टाकणाऱ्यांत रूब फॉस्टर होता. पुढे १९२० साली त्याने निग्रो नॅशनल लीग उभी केली. त्या मैदानावरच्या एका संघाचे चेहरे पाकिटांतून देशभर गेले, दुसऱ्याचे नाही. वॅग्नरला नकार देता आला. फॉस्टरला कोणी विचारलेच नाही.

जॉश गिब्सन १९४७ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि रंगाची भिंत फुटली. गिब्सनचे जुने म्हणून ओळखले जाणारे कार्ड त्याच्या मृत्यूनंतर पोर्तो रिकोत निघाले. ऑस्कर चार्ल्स्टनचे १९२० च्या दशकातले कार्ड क्यूबातले. ज्यांना मायदेशाने पाकिटात जागा दिली नाही, त्यांची छबी कॅरिबियन बेटांनी जपली. २०२४ च्या मे महिन्यात निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत सामील झाले आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन (.३७२) कॉबच्या (.३६७) पुढे गेला. आकडे दुरुस्त करता आले. कार्डे मागच्या तारखेने छापता येत नाहीत.

म्हणून संग्राहकांच्या दाव्याला उत्तर असे, की बेसबॉल कार्डांचा संग्रह हा इतिहास नव्हे, इतिहासाचे एक साधन आहे. आणि प्रत्येक साधनाला विचारतो ते प्रश्न त्यालाही विचारायला हवेत. कुणी छापले, कशासाठी, कुणाच्या संमतीने, कुणाला वगळून. हे प्रश्न विचारले की वॅग्नरचे फाटके, चुरगळलेले कार्डही बोलू लागते, आणि आठ गुणांचे, कडा कापलेले कार्ड सर्वांत जास्त बोलते. त्या कार्डाच्या नाहीशा झालेल्या कडेच्या बाहेर काय होते हे आता कळणार नाही. पण संपूर्ण मालिकेच्या चौकटीबाहेर कोण उभे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची नावे सूचीत लिहिण्यासाठी लिलावाची वाट पाहण्याचे कारण नाही.