रक्तातील खुणा : भाकीत आणि निर्णय

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात, हे आपण वर्गात शिकवतोच. हे अलिंद लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, तर त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा अलिंदात रक्त साचते, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. रक्त गोठू न देणारी औषधे हा धोका कमी करतात. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून औषध कोणाला द्यायचे, हा प्रश्न नाजूक आहे.

वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा बाबींना गुण देऊन धोका ठरवण्याची पद्धत रूढ आहे. २०१६ साली 'एबीसी' ही नवी पद्धत पुढे आली. तीत वय आणि पूर्वीचा पक्षाघात यांच्या जोडीला रक्तातील दोन खुणा मोजतात : हृदयाच्या स्नायूवर ताण आला की वाढणारा एनटी-प्रोबीएनपी आणि स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे ट्रोपोनिन. १४,७०१ रुग्णांच्या माहितीवरून ही पद्धत बेतली होती.

तिचे यश किती? पुढे पक्षाघात झालेला एक आणि न झालेला एक, अशा रुग्णांच्या शंभर जोड्या घ्या. जास्त धोक्याचा रुग्ण कोणता, हे जुनी पद्धत ६२ जोड्यांत बरोबर ओळखते, नवी ६८ जोड्यांत. नाणेफेक केली तरी ५० जमतात! वेगळ्या १,४०० रुग्णांवर पडताळतानाही नवी पद्धत सरस ठरली. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. ज्यांच्यावरून ही पद्धत बेतली ते रुग्ण आधीच औषध घेत होते. शिवाय या खुणा फक्त या विकाराच्या नाहीत; हृदय दुर्बल झाले किंवा मूत्रपिंड बिघडले तरी त्या वाढतात. आणि याच संशोधकांच्या रक्तस्रावाच्या गुणपद्धतीतही ट्रोपोनिन आहेच. जी खूण दोन्ही धोके वाढल्याचे सांगते, ती औषध द्यावे की टाळावे हे एकटी कसे सांगणार?

स्वीडनमध्ये याची रीतसर परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाचे उपचार एबीसी गुण पाहून ठरवले, दुसऱ्याचे नेहमीप्रमाणे. पहिल्या गटात पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत.

सहामाहीच्या गुणांवरून वार्षिक निकालाचा अंदाज येतो; पण तेवढ्याने मुलाला काय शिकवावे, हे कळत नाही. रक्तातील खुणांचेही तसेच आहे. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु चांगले भाकीत म्हणजे चांगला उपचार नव्हे. ते प्रयोगानेच सिद्ध व्हावे लागते. नव्या चाचणीची बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला शिकवू या : हिने निर्णय बदलला का, आणि बदलल्याने रुग्णाचे भले झाले का?