वाँटेजमधली दुसरी बाई

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ ही पुस्तिका निराशेतून श्रद्धेकडे झालेल्या प्रवासाची कथा म्हणून ओळखली जाते. ख्रिस्ती वाचक ती भक्तिभावाने वाचतात. आपल्याकडचे पुष्कळ वाचक धर्मांतराचे प्रकरण येताच ती मिटून ठेवतात. मला हे दोन्ही वाचक घाईचे वाटतात. मरण जवळ करायला निघालेल्या माणसाला श्रद्धा तारते का, या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मराठीभाषकांजवळ या पुस्तिकेइतके मोलाचे साधन क्वचितच असेल. मात्र तिच्यात जे आहे त्याच्याबरोबर जे नाही तेही वाचले पाहिजे.

आधी जे आहे ते. १८७० च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ. दागिने, भांडी, कपडे विकून झाले आणि शेवटचा दाणा संपला, तेव्हा अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब आपल्या माणसांत दारिद्र्याची लाज नको म्हणून तिरुपतीहून रानात निघून गेले. पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरावर अकरा दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. बाकीच्यांनी मागून जायचे. पवित्र तीर्थात देह ठेवणे म्हणजे आत्महत्या नव्हे, अशी त्या घराची समजूत होती. दृष्टी गेलेल्या वडिलांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकटी रमा शेवटची. त्यांनी तिला छातीशी धरून, चेहऱ्यावरून हात फिरवत उपदेश केला. हा प्रसंग रमाबाईंनी कुठेही आवाज न चढवता सांगितला आहे. त्या क्षणी कुटुंबाला थांबवले ते थोरल्या भावाने. शास्त्र्याच्या मुलाने हमाली करायची नसते, हा संकेत मोडून ‘मी मजुरी करतो’ असे तो म्हणाला. पुढे थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेलीच. पण बुडून नाही.

भावाच्या तोंडून देवच बोलला, असे रमाबाई मागे वळून पाहताना मानतात. मी ते मान्य केले काय किंवा न केले काय, वाचक म्हणून माझ्या लक्षात राहतो तो मजुरीला तयार झालेला मुलगा.

मग इंग्लंड. १८८३ साली विधवा रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन वाँटेजला आल्या. हे गाव तेव्हा बर्कशायरमध्ये होते, आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. पुण्यात काम करणाऱ्या सेंट मेरी द व्हर्जिन पंथाच्या सिस्टरांचे हे मूळ ठिकाण. पुस्तिकेत त्या सांगतात की, आपले मन वळले ते फुलहॅमच्या आश्रमात. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवत होते. असे का, हे विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुस्तिकेतला हा भाग सरळ आणि समाधानाचा आहे.

आणि इथेच एक बाई गाळलेली आहे. आनंदीबाई भगत रमाबाईंच्या सोबतीला म्हणून इंग्लंडला आल्या होत्या. बाप्तिस्म्याच्या थोडे आधी, वाँटेजमध्येच, त्यांनी आपला जीव घेतला. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करणार या भीतीने त्यांना घेरले होते. त्या गतीपासून वाचवायचे म्हणून एका रात्री त्यांनी रमाबाईंचाच गळा दाबायचा प्रयत्न केला, असे मॅक्सम्युल्लर यांनी १८९९ मध्ये लिहिले. या धक्क्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्यांच्या घरी राहिल्या तेव्हा रात्री खोलीत सोबतीला मोलकरीण निजवावी लागे.

चोवीस वर्षांनी लिहिलेल्या साक्षीत याबद्दल अवाक्षर नाही. मी याला लबाडी म्हणणार नाही. काही आठवणी लिहिण्यासारख्या नसतात. पण या मौनामुळे पुस्तिकेचा तोल बदलतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चाललेल्या प्रोग्रॅमपेक्षा कोसळलेल्या प्रोग्रॅमची नोंद अधिक बारकाईने वाचतात. साक्ष या साहित्यप्रकाराची अडचण अशी की साक्ष देणारा नेहमी वाचलेलाच असतो. एकाच छताखाली, त्याच सिस्टरांच्या सहवासात एकीला आशा सापडली आणि दुसरीला तीच गोष्ट चालून येणारे संकट वाटली. ‘ख्रिस्ती श्रद्धेने आशा मिळते’ हे वाक्य वाँटेजपुरते अर्धेच खरे आहे. ‘मिशनऱ्यांनी एका बाईचा बळी घेतला’ हे उलट टोकाचे वाक्यही तितकेच उतावीळ. भीती खरी होती, एवढ्यावरून जबरदस्तीही होती असे ठरत नाही. आणि जबरदस्ती नव्हती म्हणून भीती खोटी ठरत नाही.

सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेली आणि अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली रमाबाईंची पत्रे शेजारी ठेवली की चित्र आणखी स्पष्ट होते. या सिस्टरांची माया पानोपानी दिसते. तशीच रमाबाईंनी शंका विचारणे सोडून आज्ञा पाळावी, ही घाईही दिसते. रमाबाई बधल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतापासून मनोरमेच्या शिक्षणापर्यंत त्या भांडत राहिल्या. भांडायला लागणारे इंग्रजी त्यांनी मिळवले होते, आणि नावही होते. सोबतीला आलेल्या बाईजवळ यातले काय होते?

पुस्तिकेची बाजू घेऊन एक गोष्ट सांगायलाच हवी. बाप्तिस्मा झाला आणि दुःख सरले, असे रमाबाई म्हणत नाहीत. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना जाणवले आणि त्या अतिशय अस्वस्थ झाल्या. धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिणाऱ्याला ही कबुली परवडणारी नव्हती. रमाबाईंनी ती दिली, म्हणून त्यांच्या नंतरच्या समाधानावर माझा विश्वास बसतो. त्या आशेचे पुढे काय झाले तेही दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. रानातल्या त्या अकरा दिवसांची आठवण त्यांना तिकडे घेऊन गेली.

याच देशात श्रद्धेने आणखी एक वाट काढली, ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. चॅड वारा हे अँग्लिकन धर्मोपदेशक. १९३५ मध्ये, तरुणपणी, त्यांना एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला. पाळी सुरू झाली ती गुप्तरोगाची खूण समजून तिने जीव दिला होता. १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी फोन ठेवला आणि ‘समॅरिटन्स’ सुरू झाले. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा इथे गुन्हा होता. तो कायदा १९६१ मध्ये बदलला. वारा यांनी घातलेला नियम असा की ऐकणाऱ्याने धर्मोपदेश करायचा नाही. समॅरिटन म्हणजे शोमरोनीच. रमाबाईंना वाचून दाखवलेल्या कथेतली बाई त्याच लोकांतली. हा फोन आजही रात्रंदिवस चालू आहे: ११६ १२३, फुकट, आणि कोणी धर्म विचारत नाही. आपल्या मंडळींनी तो जपून ठेवावा. घरापासून दूर आलेल्या सुना, परीक्षेत मागे पडलेली मुले, म्हातारपणी इथे आणलेले आईवडील यांच्यापैकी कोणाच्या मनात काय चालले आहे हे गणेशोत्सवाच्या गर्दीत कळत नाही.

आनंदीबाईंविषयी जे हाती लागते ते सगळे दुसऱ्यांच्या लेखणीतून. त्यांना इंग्रजी किती येत होते, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवता येत होते, त्यांच्याशी कोणी निवांत बसून बोलले होते का, याबद्दल जेराल्डीनबाई आणि मॅक्सम्युल्लर यांच्या लिखाणात फारसे काही सापडत नाही. मराठीत मन मोकळे करायला त्या घरात रमाबाईंखेरीज कोण होते? आणि त्या उन्हाळ्यात रमाबाई स्वतःच्याच प्रश्नांत गुंतलेल्या होत्या.