चोवीस जणींचा गट आणि के-पॉपची चौकट



के-पॉप हे दक्षिण कोरियाचे लोकप्रिय संगीत तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. त्यातील आयडॉल गटांत साधारणपणे चार ते नऊ सदस्य असतात. काही कंपन्यांनी मात्र वीसहून अधिक सदस्यांचे गट उभे केले. सदस्यसंख्या वाढवल्याने हा उद्योग बदलतो का, हा या टिपणाचा प्रश्न आहे. मोठ्या गटाने गाण्याची मांडणी बदलते आणि कंपनीची जोखीम कमी होते. परंतु निर्णयाचे अधिकार जिथे होते तिथेच राहिले, तर उद्योग बदलला असे म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे. ते पुढील उदाहरणांवर तपासून पाहा.

१. पूर्वपीठिका

मोठा गट ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये २००५ साली तोक्योच्या अकिहाबारा भागात एकेबी४८ हा गट सुरू झाला. त्याच वर्षी कोरियात एस. एम. एंटरटेनमेंट कंपनीने १२ जणांचा सुपर ज्युनियर हा गट आणला. त्यातील सदस्य काळानुसार बदलत राहावेत, अशी मूळ योजना होती. २००६ मध्ये तेरावा सदस्य आला. त्यानंतर आणखी सदस्य घेण्यास चाहत्यांनी तीव्र विरोध केला. विरोध नोंदवण्यासाठी काहींनी कंपनीचे समभागही विकत घेतले.

याच कंपनीने २०१६ मध्ये एनसीटी या नावाने अमर्याद सदस्यसंख्येची कल्पना पुन्हा मांडली. २०२० मध्ये सदस्य २३ झाले. मात्र २०२३ मध्ये कंपनीने हा विस्तार थांबवण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये एनसीटी विश हा शेवटचा उपगट आला.

या दोन्ही प्रयोगांतून एक विसंगती दिसते. कंपनीला हवी असते बदलता येण्याजोगी जागा, तर श्रोत्याचा जीव जडतो तो विशिष्ट माणसावर.

२. ट्रिपलएसचा प्रयोग

मोडहाउस कंपनीचा ट्रिपलएस हा २४ मुलींचा गट या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा आहे. येथे चाहते डिजिटल फोटोकार्ड विकत घेतात, त्यातून मताचा हक्क मिळवतात आणि कोणत्या उपगटात कोण असावे, शीर्षकगीत कोणते असावे, अशा बाबींवर मत देतात. मतांची नोंद ब्लॉकचेनवर होते. कोरियातील ‘प्रोड्यूस’ या स्पर्धामालिकेतील मतांची फेरफार २०१९ मध्ये उघड झाली होती, हे लक्षात घेता पडताळता येणारी मतमोजणी ही खरी सुधारणा आहे.

पण येथेच थांबू नका. मत देण्यासाठी खरेदी करावी लागते. म्हणजे ज्याची खरेदी जास्त, त्याची मते जास्त. एकेबी४८च्या २००९ ते २०१८ या काळातील वार्षिक निवडणुकांतही सीडीसोबत मतपत्रिका मिळत असे. शिवाय मतासाठी कोणते पर्याय ठेवायचे, हे कंपनीच ठरवते. चाहता निवड करतो. काय निवडायचे ते आधीच ठरलेले असते.

३. गाण्यावर होणारा परिणाम

एक सोपे गणित करा. तीन मिनिटांचे, म्हणजे १८० सेकंदांचे गाणे पाच जणींत वाटले तर प्रत्येकीला ३६ सेकंद मिळतात. चोवीस जणींत फक्त साडेसात. एवढ्या वेळात स्वतंत्र आवाजाची ओळख घडणे कठीण असते. म्हणून मोठ्या गटाला समूहस्वराचा आधार घ्यावा लागतो. ट्रिपलएसच्या २०२४ मधील ‘गर्ल्स नेव्हर डाय’ या गाण्यात ही मर्यादाच बलस्थान ठरते. हार न मानण्याचा विषय चोवीस जणी एकत्र मांडतात, तेव्हा तो एकटीचा निर्धार न राहता पिढीचा वाटतो. कलेच्या पातळीवर मोठा गट नवे काही देऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

४. श्रम आणि अधिकार

मोठ्या गटात आजारी सदस्याला विश्रांती घेता येते. तिच्यावाचून कार्यक्रम अडत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. पाचांतील एक गेली तर कंपनी हादरते. चोवीसांतील एक गेली तर फारसे अडत नाही. ज्या व्यवस्थेत तिला विश्रांती मिळते, त्याच व्यवस्थेत तिची वाटाघाटीची ताकदही घटते.

याउलट २००९ हे वर्ष आठवा. त्या वर्षी कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने कलाकारांसाठी नमुना करार जाहीर केला आणि कराराची मुदत सात वर्षांपर्यंत मर्यादित केली. त्याच वर्षी टीव्हीएक्सक्यू या पाच जणांच्या गटातील तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. या दोन्ही घटनांचा गटाच्या आकाराशी काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो हक्कांशी.

समारोप

मोठा गट ही मांडणीतील नवता आहे, व्यवस्थेतील नव्हे. तिचे मोल गाण्यात जरूर शोधा. पण एखाद्या गटाला ‘क्रांतिकारी’ म्हटले गेले, की सदस्य किती हे मोजून थांबू नका. करारावर कोणाचा शब्द चालतो, हेही विचारा.

स्वाध्याय

१. विकत घेतलेले मत आणि नागरिकाचे मत यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या परिचयाच्या एखाद्या समूहगीतात एकल आवाज आणि समूहस्वर यांना किती वेळ मिळतो, ते मोजा व त्याचा अर्थावर होणारा परिणाम लिहा.